एकदाच सांगायचं

दोन नंबर आमच्याकडे रुजू झाला त्या दिवसापासून मला तो आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको की बाई मनात एक ठेवतात आणि सांगतात भलतंच.

दोन नंबर हे काही त्याचं नाव नव्हे. आमच्या रुग्णालयाच्या टेलिफोन रूममध्ये दोन खुर्च्या आहेत. दाराजवळची एक नंबर, भिंतीजवळची दोन नंबर. फोनवर आपलं नाव सांगायचं नाही असा इथला नियम. फार पूर्वी एका ऑपरेटरने चुकीचा वॉर्ड सांगितला म्हणून पेशंटचा मेव्हणा तिच्या घरापर्यंत भांडायला गेला होता, तेव्हापासूनचा. तक्रार करायची असेल तर खुर्चीच्या नंबरावर करा. मग होता होता आम्हीही एकमेकांना तीच हाक मारायला लागलो. मी बावीस वर्षं एक नंबर. शेजारच्या दोन नंबर बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या खुर्चीत हा बाबा येऊन बसला.

बसला म्हणजे काय, खुर्चीने कण्हून घेतलं. सहा फूट उंची, खांदे असे की दारातून जरा तिरकाच यायचा. मिशी भरघोस, आणि त्या मिशीचे लाड तर विचारू नका. ड्रॉवरमध्ये तिच्यासाठी वेगळा छोटा कंगवा. मी मनात म्हटलं, आता हा बोलायला लागला की पलीकडचे फोन सोडून पळतील. त्याने हेडफोन चढवला, बटण दाबलं आणि म्हणाला, "नमस्कार, चौकशी." मी मागे वळून पाहिलं, खोलीत कोण मुलगी शिरली म्हणून.

मुलगी कसली, तोच. बारीक, मऊ, स्वच्छ आवाज. एकही अक्षर न चुरगळणारा. मला हसू आवरेना, मी पदर तोंडात कोंबला. पलीकडून अर्थातच 'मॅडम' आलं. आता याचा चेहरा कसा होतो ते बघू म्हणून मी चांगली सरसावून बसले.

"मॅडम नाही, दादा," तो म्हणाला. "कोणता वॉर्ड हवाय?"

बस. लिफ्ट कुठे आहे ते सांगावं तसं. पलीकडचा माणूस ओशाळला असावा, याने त्याला वॉर्ड जोडून दिला आणि पुढचा फोन घेतला. पुढचीने 'ताई' म्हटलं. ताई नाही, दादा, बोला. काहींच्या कानात ते शिरायचंच नाही, ते आपले पुन्हा ताई, अहो ताई. पण हा दुसऱ्यांदा सांगायचा नाही. त्यांचं काम करायचा, नमस्कार म्हणायचा, मोकळा. पहिल्या दिवशी मी मोजलं, चौतीस वेळा. चौतीस वेळा कोणी मला तसं म्हटलं असतं तर मी संध्याकाळी घरी जाऊन उशीत तोंड खुपसलं असतं. हा मात्र हेडफोन काढून गुणगुणत डबा उघडायला बसला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड.

तुम्ही म्हणाल, बाई, तुमचं काय गेलं? तर ऐका. माझा आवाज जाडा आहे. जाडा म्हणजे चांगला जाडा, पुरुषी. लहानपणी कोणी लपाछपीत मला हाक मारायला लावायचं नाही, कारण शेजारचे आजोबा 'कोण आलंय रे' म्हणून काठी घेऊन बाहेर यायचे. शाळेत समूहगीतात मला शेवटच्या रांगेत उभं केलं आणि गाणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, तू नुसते ओठ हलव. चार वर्षं मी ओठ हलवले. पुढे मला बघायला लोक यायला लागले तेव्हा आईने स्वयंपाकघरात धरून शिकवलं. गळा असा वर ओढायचा, बोलणं नाकाजवळ आणायचं, आणि थोडकंच बोलायचं. कपबशी हातात देऊन ती माझ्याकडून दहादा म्हणवून घ्यायची, 'चहा घ्या ना.' जमलं एकदाचं. लग्न झालं. चार दिवसांनी खरा आवाज बाहेर पडला तेव्हा नवरा हसून म्हणाला, घरात आता दोन पुरुष झाले. चांगला माणूस आहे, पण तो विनोद तो आजही करतो, आणि मी आजही हसते.

तोच ओढलेला आवाज घेऊन मी या नोकरीला लागले. मुलाखतीत पास झाले, खुर्चीवर बसले, आणि बावीस वर्षं आठ-आठ तास गळा वर टांगून ठेवला. पर्समध्ये कोमट पाण्याची बाटली. सकाळी सगळं ठीक असायचं, मॅडम, ताई, मावशी. दुपारी तीननंतर गळा दमायचा आणि आवाज घसरायचा. मग सुरू. साहेब, जरा बघता का. दादा, तेवढं जोडून द्या. मी एकदाही कोणाला सांगितलं नाही की मी साहेब नाही. मूग गिळून बसायचे, वॉर्ड जोडायचे आणि पाणी प्यायचे. आधीच्या दोन नंबर बाई समजूतदार होत्या, तीननंतरचे फोन शक्यतो त्या घ्यायच्या. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

आता त्या खुर्चीत हा. बाईचा आवाज फुकट मिळालेला, आणि त्याला त्याची गरजच नाही! जे मी बावीस वर्षं घसा फोडून करत होते ते या मिशीवाल्याच्या तोंडातून आपोआप गळत होतं, आणि वर हा प्रत्येकाला सांगत होता की ताई नाही, दादा. देव असेल तर त्याच्या खात्यात वाटपाचा नुसता गोंधळ आहे, असं मी तेव्हा नवऱ्याला म्हटल्याचं आठवतं.

त्यातून लोकांना तो आवडायला लागला. घाबरलेले लोक असतात हो फोनवर. बाप ऑपरेशनला गेलेला, पोरगी दुसऱ्या गावी. हा त्यांना धरून ठेवायचा, नीट विचारायचा, वॉर्डात कोणी फोन उचलला नाही तर पुन्हा पुन्हा लावायचा. मग आभाराची पत्रं यायला लागली. 'दोन नंबरच्या ताईंना.' तो प्रत्येकाला उत्तर लिहायचा आणि खाली सही करायचा, 'दोन नंबरचा दादा'. पत्रं काचेखाली लावून ठेवली होती त्याने, माझ्या डोळ्यांसमोर. बावीस वर्षांत माझ्या नंबरावर एकच पत्र आलं होतं. त्यात लिहिलं होतं की एक नंबरचे साहेब उद्धटपणे बोलतात.

सद्गुणांचा पुतळा होता असं मात्र समजू नका. जेवताना मचमच आवाज करायचा. पंख्याचं तोंड सारखं स्वतःकडे वळवायचा. एकच विनोद आठवड्यातून तीनदा सांगायचा, की मी दोन नंबरचा असलो तरी धंदा सरळ आहे. आणि मिशी विंचरताना मध्येच फोन आला तर फोन थांबायचा, मिशी नाही. हे सगळं मी नवऱ्याला घरी जाऊन सांगायचे. तो म्हणायचा, तू रोज त्याच्याबद्दलच बोलतेस.

एकदा जेवताना मी विचारलंच, तुम्हाला लागत नाही का हो? त्याने हातातला घास खाली ठेवला. म्हणाला, पंधराव्या वर्षी सगळ्या पोरांचे आवाज फुटले, माझा राहिला. वर्गात इतकी चेष्टा झाली की त्याने बोलणंच बंद केलं. दीड वर्ष. खिशात वही ठेवायचा, लागेल ते लिहून दाखवायचा. वडिलांनी मारून पाहिलं, डॉक्टर करून झाले, काही नाही. एक दिवस दुकानात चपला घ्यायला गेला आणि वहीत नंबर लिहून दाखवला. दुकानदाराला वाटलं मुका-बहिरा आहे. तो याच्यासमोरच दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगायला लागला, बिचारा, एवढा धिप्पाड आणि देवाने काय केलं बघा, याला कोण मुलगी देणार. हा ते सगळं ऐकत पायात चप्पल घालत होता.

"तेव्हा कळलं," तो म्हणाला, "गप्प बसलं तरी लोक काहीतरी ठरवतातच. मग निदान खरं काय ते आपण सांगावं."

सुरुवातीला म्हणे तो दहा-दहा वेळा सांगायचा, भांडायचा. पहिली नोकरी त्यातच गेली. मग त्याने ठरवलं, एकदाच सांगायचं. ऐकलं तर ठीक, नाही ऐकलं तर त्याचं काम करून द्यायचं. एवढं सांगून त्याने घास उचलला. मग सहज, अगदी सहज म्हणाला की तुमचा खरा आवाज छान आहे, खोलीत माझ्याशी बोलता तो. फोनवर का नाही लावत?

मी म्हटलं, तुमचं तुमच्याजवळ ठेवा. आणि त्या दिवसापासून मला तो जास्तच डोक्यात जायला लागला. मचमच करणाऱ्या माणसाने माझं दुखणं असं दोन वाक्यांत उघडं करावं! त्याचं बरोबर होतं म्हणूनच तर पोटात दुखलं.

त्यानंतर आलं ते रेकॉर्डिंग. कमिटीने नवीन यंत्र घेतलं. फोन केला की आधी यंत्रच बोलणार, आणि इमारतीच्या पाचही मजल्यांवर स्पीकर लागणार, त्यातून दिवसातून तीनदा तोच आवाज. भेटीची वेळ सुरू झाली आहे, भेटीची वेळ संपली आहे, कृपया शांतता राखा. अशी एकूण नऊ वाक्यं. आवाज बाहेरून आणायचा नाही, आपल्याच ऑपरेटरचा घ्यायचा, असं अध्यक्षांचं म्हणणं. आणि व्यवस्थापकांनी आम्हा दोघांना बोलावून हेही सांगितलं की यंत्र आल्यावर खोलीत एकच माणूस पुरे. ज्याचा आवाज निवडला जाईल तो खुर्चीवर राहील. दुसऱ्याला तळघरात, जुन्या केसपेपरांच्या खोलीत जावं लागेल.

तळघराची भीती होतीच. पण खरं सांगू, मला ती नऊ वाक्यं हवी होती. पाच मजल्यांवर माझा आवाज, बाईचा आवाज, सगळ्यांनी मुकाट्याने ऐकायचा. समूहगीताच्या बाई कधी आजारी पडून इथे आल्या तर त्यांनीही ऐकायचा. आठ दिवस मी सकाळी उठून गॅसजवळ उभी राहून ती नऊ वाक्यं घोकत होते. नवरा म्हणाला, भेटीची वेळ संपली का, मी जाऊ का आंघोळीला.

पक्षपात नको म्हणून दोघांची रेकॉर्डिंग करून त्यांच्यावर नुसते आकडे टाकले, एक आणि दोन. कमिटीच्या लोकांनी आम्हाला कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी ऐकलं आणि सगळ्यांनी एकमताने दोन नंबर निवडला. अध्यक्ष म्हणे फार खूश झाले, काय गोड बाई आहे हो ही, म्हणाले. व्यवस्थापकांनी ओठावर बोट ठेवलं. आमच्या खोलीत येऊन हसत म्हणाले, आवाज आवडला ना, मग कोणाचा का असेना, उगाच कशाला त्यांना सांगायचं. दोन नंबर म्हणाला की उद्घाटनाला मी त्यांना भेटेन तेव्हा कळेलच. व्यवस्थापक म्हणाले, तेव्हाचं तेव्हा बघू.

मी अभिनंदन केलं. केलं, हो. आणि तो डबा धुवायला बाहेर गेला तेव्हा रजिस्टरमधून अध्यक्षांच्या घरचा नंबर काढला.

नंबर लावला तेव्हा काय बोलायचं ते ठरवलेलंसुद्धा नव्हतं. पलीकडून त्यांनी हॅलो म्हटलं आणि माझा गळा वर गेलाच नाही. गेला असता तर त्यांनी ओळखलं असतं ना, एक नंबरचं रेकॉर्डिंग त्यांनी नुकतंच ऐकलं होतं. मी माझ्या आवाजात बोलले. जाड्या, पोटातून येणाऱ्या. म्हटलं, तुम्ही निवडलेली बाई ही बाई नाही, मिशीवाला पुरुष आहे, उद्घाटनाला पत्रकार येतील तेव्हा हसं होईल, बघा बुवा. ते एकदम अदबीने म्हणाले, "हो का साहेब? आपण कोण बोलताय?"

"हितचिंतक," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

बावीस वर्षांत त्या फोनवर मी पहिल्यांदा आपण होऊन माझ्या आवाजात बोलले होते. गळा जराही दुखला नाही. हेच मला नंतर कितीतरी दिवस खात राहिलं. बोलायचं ते इतकं ठणठणीत बोलले, शब्दाला शब्द, एकदाही पाणी न पिता, आणि बोलले काय, तर चुगली. तेवढ्यात दोन नंबर ओले हात झटकत आत आला आणि त्याने पंखा स्वतःकडे वळवला.

दोन दिवसांनी त्याला वर बोलावलं. तासाभराने खाली आला. काय झालं ते मला व्यवस्थापकांकडून कळलं. अध्यक्ष चिडले नव्हते, त्यांना तो आवाज हवाच होता. त्यांनी मार्ग काढला होता. रेकॉर्डिंग तेच ठेवायचं, उद्घाटनाला एखाद्या सिस्टरला पुढे उभं करायचं, आणि कोणी विचारलंच तर आवाज तिचा आहे असं सांगायचं. खुर्ची तुमचीच. फक्त बाहेर कुठे बोलायचं नाही. त्यावर हा म्हणाला की आवाज माझा आहे, कोणी विचारलं तर मी माझाच सांगणार. त्यांनी पुन्हा समजावलं, तळघराचं नाव घेतलं. दुसऱ्यांदा तो काही बोलला नाही. नुसतं 'मग राहू द्या' म्हणाला आणि उठला.

मी त्याच्याकडे चोरून बघत होते. रडेल, चिडेल, निदान कंगवा तरी आपटेल. त्याने काचेखालची पत्रं एकेक करून काढली, पिशवीत घातली आणि मला विचारलं की आज तुमच्या डब्यात भाजी कोणती आहे. मला वाटलं होतं माझ्या काळजाला थंडावा मिळेल. कसला थंडावा! तळघरात जाणारा तो, आणि जळत होते मी. या माणसाकडून खुर्ची काढून घेता येते, पण जे मला हवंय ते काही निघत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं आणि मी भाजीचा डबा त्याच्याकडे सरकवला.

नऊ वाक्यं माझ्या आवाजात लागली. म्हणजे त्या ओढलेल्या आवाजात. उद्घाटनाला मी नवी साडी नेसले, अध्यक्षांनी गुच्छ दिला, म्हणाले अशाच एखाद्या सुसंस्कृत स्त्रीचा आवाज आम्हाला हवा होता. मी मान खाली घालून बारीक आवाजात थँक्यू म्हटलं. त्या आठवड्यात मी प्रत्येक मजल्यावर काहीतरी निमित्त काढून जाऊन आले.

पुढे दीड महिन्यांनी आई बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं. आमच्याकडेच दाखल केलं, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीकडची कॉट. डोळ्यांनी तिला आता फारसं दिसत नाही, माणसं ती आवाजावरून आणि पावलांवरून ओळखते. ड्यूटी संपली की मी तिच्याजवळ जाऊन बसायचे. पाचव्या दिवशी मी तिचे केस विंचरत होते. सहा वाजले आणि तिच्या डोक्यावरचा स्पीकर बोलायला लागला. भेटीची वेळ संपली आहे, नातेवाईकांनी कृपया वॉर्डाबाहेर जावे.

आईने कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाली, ही बाई रोज बोलते. मी म्हटलं, हो का.

"किती ओढून बोलते गं," आई म्हणाली. "गळा दुखत असेल बिचारीचा. कोणी शिकवलं असेल तिला असं बोलायला?"

कंगवा माझ्या हातात होता. मी आईच्या तोंडाकडे बघितलं. थट्टा नव्हती, आठवण नव्हती, टोमणाही नव्हता. तिने खरंच ओळखलं नव्हतं. कपबशी घेऊन दहादा 'चहा घ्या ना' म्हणवून घेणारी माझी आई, तिने स्वतः घडवलेला आवाज, आणि तिलाच त्या बाईची दया येत होती.

"असेल कोणीतरी," मी म्हटलं.

"जाऊ दे तिला. तू बोल," आई म्हणाली. "तू बोललीस की घरी असल्यासारखं वाटतं."

सिस्टर बाहेर जा म्हणेपर्यंत मी नुसती तिची वेणी घालत बसले, आणि ती दोनदा म्हणाली, गेलीस का गं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तळघरात उतरले. दोन महिने एका इमारतीत असून गेले नव्हते. रॅकच्या रांगा, धूळ, एकच ट्यूबलाइट. तो टेबलाशी बसून फाटके केसपेपर चिकटवत होता. पत्रं तिथेही काचेखाली लावलेली. शेजारी एक जुना फोन होता, तो वाजला. वरच्या ऑफिसातली कोणी नवीन मुलगी असावी. हा म्हणाला, "ताई नाही, दादा. कोणतं साल बघू?" काही बदललं नव्हतं मेल्याचं.

त्याने फोन ठेवला आणि मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं की अध्यक्षांना तो फोन मी केला होता.

"माहीत आहे," तो म्हणाला.

मी विचारलं, कसं. तर म्हणाला, अध्यक्षच वर सांगत होते, कोणी भारदस्त आवाजाचे गृहस्थ होते, फार ठामपणे बोलत होते. तसा आवाज मी या इमारतीत एकच ऐकलाय.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, गृहस्थ नसतील, बाई असतील." त्याने ब्रश डिंकात बुडवला. "एकदाच सांगितलं. त्यांना पटलं नाही."

मी तिथल्या स्टुलावर बसले. इतकी वर्षं मला जे कोणालाही सांगता आलं नाही ते याने सांगून टाकलं होतं, माझ्या वतीने, आणि तेही कधी, तर मी त्याचं बूड हलवत असताना. मी म्हटलं, मला माफ करा. तो म्हणाला की राग आला होता, चांगला आला होता, आठ दिवस मी तुम्हाला मनात शिव्या घालत होतो. हे ऐकून मात्र मला जरा बरं वाटलं. मग म्हणाला, इथे एक वाईट आहे, पंखा नाही.

मी व्यवस्थापकांकडे जाऊन खरं सांगितलं. नऊ वाक्यं पुन्हा माझ्या खऱ्या आवाजात घ्या, नाहीतर दोन नंबरच्या आवाजात, त्याच्या नावासकट घ्या, आणि हवं तर मला तळघरात पाठवा. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाले, बाई, यंत्र बसलं, उद्घाटन झालं, आता हे प्रकरण उकरू नका. त्यामुळे ती बाई अजून बोलते, दिवसातून तीनदा. ऐकवत नाही मला. आई बरी होऊन घरी गेली, तिला मी अजून सांगितलेलं नाही. तळघरात पंखा मात्र लागला. त्यासाठी मी चार अर्ज केले.

आणि ज्या दिवशी व्यवस्थापकांनी नाही म्हटलं त्याच दुपारची गोष्ट. मी खुर्चीत येऊन बसले. शेजारची खुर्ची रिकामी. बाटलीतलं कोमट पाणी कुंडीत ओतलं. हेडफोन चढवला, गळा होता तिथे ठेवला आणि बटण दाबलं. नमस्कार, चौकशी. माझा आवाज त्या खोलीत एवढा मोठा वाटला की मीच दचकले. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ होते. म्हणाले, "साहेब, माझ्या बायकोला काल दाखल केलंय."

"साहेब नाही, बाई," मी म्हटलं. "कोणता वॉर्ड सांगितलाय?"

ते मग म्हणाले, "बरं साहेब, चार नंबर."

पुन्हा सांगावंसं इतकं वाटलं. अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. कान तापले. त्याचे काही तापले नसतील कधी. चौतीस वेळा, पहिल्याच दिवशी, आणि वर गुणगुणत डबा खातो म्हणे! जळते मी त्याच्यावर अजून, खोटं कशाला सांगू. मी चार नंबर वॉर्डाचं बटण दाबलं, कोणी उचललं नाही, पुन्हा दाबलं, आणि सिस्टरने उचलल्यावर आजोबांना जोडून दिलं.